पिन

काल पट्टा पडला.
रात्री गव्हाण थांबली, भोंगा नेहमीपेक्षा लांब वाजला,
आणि कारखान्याचा आवाज नाही म्हणून
कसबा बावड्यात आमच्या तळावर
कुणाचा डोळा लागेना.

सकाळी सगळ्यांचीच घाई.
खोपी मोडल्या, उरलेलं पाचट पेटवलं,
ट्रॉल्यांत चढलं एकेक:
पत्र्याच्या पेट्या, हंडे, पोत्यात गुंडाळलेले कोयते,
एक शिलाई मशीन, दोन शेळ्या,
कुणाचं तरी तान्हं. येताना नव्हतं, इथंच झालं.
अकरा ट्रॅक्टर, बावीस ट्रॉल्या
आणि माळावरनं उतरायची वाट एकच,
तीही एका अंगाला चर असलेली.

माझा नंबर चौथा.
तिसरे आश्रूबा खाडे.

आश्रूबांची मान वळत नाही.
मागं बघायचं तर अख्खं अंग फिरवतात,
बांधाशी औत फिरवावं तसं.
म्हणून मागं त्यांची सून, मुक्ता.
उजव्या हातात पिन, डाव्या हातानं खुणा:
या. या. अजून. डावीकडं थोडं.
बास.
हुक वीतभर लांब.
पुन्हा पुढं, पुन्हा मागं.
आता चार बोटं उजवीकडं.
पुन्हा.

माझा अंगठा हॉर्नवर होता.
खोटं कशाला बोलू.
बीड दोन दिवसांवर, ऊन चढायच्या आत
सांगली मागं टाकायची, मुकादमानं बजावलेलं,
आणि माझ्या पाठीशी बाळनाथचं इंजिन
सारखं खाकरत होतं.

तेवढ्यात नबीलाल मुजावर आला.
तळावर पाण्याचा टँकर त्याचाच. तो इथला,
त्याला कुठं जायचं नव्हतं,
पोरांना चिरमुरे वाटायला आलेला.
माझ्या मडगार्डवर हात ठेवला.
त्या हाताला बोटं साडेतीन.

पाच महिने मी ती बघत होतो
आणि विचारलं नव्हतं.
त्यानं आत्ताही लांबण लावली नाही.
"शिरोळच्या बाजूला, यार्डात," म्हणाला,
"भोकाला भोक लागलं होतं, भावा. पिन घालत होतो.
मागच्यानं नुसता एक हॉर्न दिला.
पुढच्याचा पाय दचकला क्लचवरनं.
हॉर्न देणारा वाईट नव्हता.
दवाखान्यात त्यानंच नेलं."
आणि चिरमुऱ्याची पुडी माझ्या मांडीवर ठेवून
पुढच्या ट्रॉलीकडं गेला.

मी इंजिन बंद केलं.

बंद इंजिन लांबवर ऐकू जातं.
बाळनाथनं बंद केलं, त्याच्या मागच्यानं शिव्या देत देत,
मग एकेक करत पार अकराव्यापर्यंत.
शेळी ओरडली तेवढी.
समोर जोतिबाच्या डोंगरावर ऊन आलेलं.
इतके दिवस तो मला
नुसती एक दिशा होता.

उतरलो. सल्ला द्यायला नाही,
सल्ला देणारे दोघं आधीच उभे होते,
एक म्हणे डावी काट, दुसरा म्हणे उजवी.
म्हटलं, तिचं एकटीचं बघू द्या त्यांना.
मी फक्त दांडा धरला, बोटभर उचलला.

"मामा, या," मुक्ता म्हणाली. "सावकाश."
आश्रूबा आले.
लोखंडाला लोखंड टेकलं. ठक.
पिन गेली. खाली कडी, कडीला सुतळीची गाठ.
तिनं दोनदा ओढून बघितलं,
मग हात पदराला पुसला
आणि बोटं बघितली, मोजल्यासारखी.

आश्रूबांनी अख्खं अंग फिरवून
माझ्याकडं बघितलं. बोलले काही नाहीत.
वाटेच्या तोंडाशी जाऊन
ट्रॅक्टर चराला चिकटवून उभा केला,
माझं होईस्तोवर.

माझी मान वळते. नजर चांगली आहे.
माझी पिन पाचव्या खेपेला बसली.
कुणी हॉर्न दिला नाही.
मागच्या ट्रॉलीतली पोरं तेवढी
चिरमुरे खात, मोठ्यानं
खेपा मोजत होती.