नोंदणीविना

हेलेद, त्या कागदावरची सही माझी आहे.
निळ्या शाईची, घाईतली,
कारण बाहेर सात नंबरची घंटा वाजत होती
आणि तू खुर्चीच्या काठावर बसून
माझ्या छातीवरच्या घड्याळाकडे बघत होतीस.
उलटं टांगलेलं घड्याळ,
जे घालणारीलाच सुलट दिसतं.

पहिल्यांदा नुसतं दशांशचिन्ह होतं.
टिंब एवढंसं, माशीच्या पायाइतकं,
आणि म्हाताऱ्या इद्वालच्या सुईत दहापट इन्सुलिन.
मी तुझं मनगट धरलं. सुई थांबली.
चुका होतात, मी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.
माझ्या चुका मला अजून नावानिशी आठवतात.

दुसऱ्यांदा चूक नव्हती. गप्प बसणं होतं.
पहाटे चारला त्याचा श्वास बदलला
तो माझ्याआधी तुला ऐकू आला,
आणि विचारलं तर हसं होईल म्हणून
तू वीस मिनिटं चादरींच्या घड्या घालत राहिलीस.
टोकाला टोक.
इतक्या नीट घड्या त्या वॉर्डात कुणी घातल्या नसतील.

तो वाचला.
तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते.

बॅंगरच्या त्या खोलीत हीटर टकटकत होता.
मिसेस पास्कनी तीन पत्रकं पुढे सरकवली,
आपल्या मापाचे बूट संपल्यावर
दुकानदार दुसरेच काढून दाखवतो तशी.
आरोग्य अभ्यास: एक वर्ष आणखी, पदवी हातात,
खाली बारीक अक्षरांत, 'नोंदणीविना'.
मानसशास्त्र: दुसऱ्या वर्षात, जागा असलीच तर.
समाजकार्य: पहिल्यापासून, आणि पुन्हा प्लेसमेंट.
प्लेसमेंट म्हणताना त्यांचा आवाज खाली आला.
"तुझे दोनशे चाळीस क्रेडिट वाया जात नाहीत."
तू म्हणालीस, "आणि रात्री?"
हीटर टकटकत राहिला.

तुझं गाव पाटीच्या दगडाचं.
डोंगर सोलून जगाच्या छपरांवर घातलेलं गाव.
कोरी पाटी घे, नवी सुरुवात कर,
असं तुला दहाजणांनी तरी सांगितलं असेल,
ज्यांनी कधी हातात छिन्नी धरली नाही.
खाणीतल्या माणसाला विचार.
दगडाला त्याची रेघ असते.
रेघेवर मारलं तर पापुद्रा सुटतो, आडवं मारलं तर चुरा,
आणि चुऱ्याचे ढीग घरांच्या पाठीमागे,
न्हाणीच्या खिडकीतून रोज दिसणारे.

मी रेघेवर मारलं की आडवं?

त्या रात्री मला झोप लागली.
हे सांगायला नको होतं, पण लागली.
सकाळी इस्त्री करताना मात्र
गणवेशाची बाही दोनदा जळता जळता राहिली.

नंतर तुझं काही कळलं नाही.
मेइनिर म्हणायची लिव्हरपूलला गेली,
कुणी म्हणे बेकरीत दिसली, टोपी घालून.

मग या मंगळवारी माझे वडील
वाचनालयातून परतले, कानयंत्राला नवा सेल घालून.
तिथे एक टेबल असतं म्हणे, श्रवण विभागाचं,
आणि टेबलामागे एक मुलगी, खाणीकडच्या उच्चारांची.
"सेलचा नंबर तीनदा वाचते," ते वैतागून म्हणाले,
"एकदा मनात, एकदा मोठ्यानं, एकदा माझ्याकडून वाचून घेते.
आणि सारखी विचारते. हे दुखतं का, ते ऐकू येतं का,
काल आलं होतं का. नुसती विचारत सुटते!"
मी चहा ओतत होते.
बशीत सांडला.
"चांगली नर्स आहे पण," ते म्हणाले.

अठ्ठावीस वर्षं माझं कामच दुरुस्त करण्याचं.
डोस, तक्ते, तारखा,
दुसऱ्याच्या मनगटावरची पकड.

बशीतला चहा मी परत कपात ओतला
आणि त्यांना म्हणाले, प्या, गार होतोय.