चाचणी क्रमांक सात

समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी,
सतरंजीवर टॅबलेट, वायर ओढलेली
शेजारच्या खिडकीतून.
मी इथलीच, वणीची. तरी
गळ्यात कार्ड, म्हणून मॅडम.

फॉर्मवर छापलंय: चित्र, आवाज, स्पर्श.
माणूस कोणत्या वाटेनं यंत्राशी येतो
ते नोंदवा.

चित्रातल्या घराला धुराडं होतं.
किसन टेकाम म्हणाला, जिनिंग हाय.
दवाखान्याच्या लाल खुणेला
त्याच्या नातवानं बेरीज म्हटलं.
दोघंही चुकले नव्हते.

मग पोचूबाई चिंतलवार.
मी बटण दाबलं, म्हटलं, बोला.
ती वाकली, चुलीत फुंकावं तशी
काचेत बोलली:
"टोंगळा काहून दुखते?"

गोल फिरत राहिला.
मग उघडला कायद्यांचा विभाग.
काहून. कानून.
कलमांखाली कलमं सरकत गेली,
टोंगळ्याचा पत्ता नाही.
"टोंगळ्याचा बी कायदा हाय?"
हसली नाही ती. खरंच विचारत होती.

काचेवर तिच्या बोटाची हळद उमटली होती.
"खराब केलं ना मी," म्हणत
तिनं पदरानं पुसायला घेतलं,
ताट पुसावं तसं, कडेकडेनं, नेटानं,
आणि यंत्रानं तेही ऐकलं:
एक पान, दुसरं पान, आवाज मोठा,
सेटिंग, भाषा.

"नमस्कारम. मीकु एमि कावालि?"

पोचूबाईचा हात थांबला.
त्याच पदरानं तिनं डोकं झाकलं.
माहेरचं कोणी दारात आलं की झाकतात, तसं.
"अव माय, हे तं आदिलाबादची."

पुढचं मला कळलं नाही.
मला तेलुगू येत नाही.
पडद्यावरची निळी रेघ तेवढी
उसळत होती, बसत होती.
मध्येच तिनं गुडघ्यावर दोनदा चापट मारली,
जणू आतल्या बाईला दिसतंय.
किसन म्हणाला, चाळीस वर्षं झाली,
ही इतकं बोलते हे मले मालूम नोतं.

फॉर्ममध्ये रकाने तीन.
पुसण्याला रकाना नाही.
मी लिहिलं: वापरकर्तीनं चुकून भाषा बदलली.
मग "चुकून" खोडलं.
मग वाक्यच खोडलं.
साहेबांना खाडाखोड आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली,
गुडघ्याला एरंडाचं पान बांधून.
टॅबलेट चार्जिंगला होता, काळा.
जरा लांबच उभी राहिली,
हळूच विचारलं,
"झोपली का ते?"