एकशे तेरावा कोपरा

मुहर्रकच्या जुन्या बाजारात, हलवेवाल्याला लागून
आमचं फ्रेमचं दुकान.
भिंतभर खिळे, खिळ्यांना टांगलेले कोपरे:
दोन पट्ट्या काटकोनात जोडलेल्या, बाकीच्या दोन बाजू
गिऱ्हाइकानं डोळ्यांनी भरायच्या.
अक्रोडी, मेण चोळलेला, चुन्याचा हात दिलेला,
लाल मातीवर सोनेरी वर्ख लावून मग घासून उतरवलेला,
आणि एक, ज्याला काहीच लावलेलं नाही.
एकशे बारा आहेत. एसी बंद पडला त्या दुपारी मोजले.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं, सोनेरी.
आधी सगळे सोनेरीच म्हणतात.
मी वाद घालत नाही. कोपरा चित्रावर टेकवतो
आणि दोन पावलं मागे सरकून
शिंक आवरल्यासारखा उभा राहतो.

सावंतवाडीला माझा मामा लाकडी फळं रंगवायचा,
पेरू असा की पोपटानं चोच मोडून घ्यावी.
त्याच्या हाताखाली मी रंग उठवायला शिकलो.
इथे पगार मिळतो तो रंग बसवायचा.

सप्टेंबरात बद्रियाबाई आल्या.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वडिलांच्या हातचं चित्र:
ओहोटी, चिखलात कलंडलेली होडी,
मागे बोटभर पाणी.
"हे पाणी आता पार्किंग झालंय," म्हणाल्या,
"रोज गाडी तिथेच लावते. निळी फ्रेम द्या."

निळा कोपरा ठेवला, पाणी गढूळ झालं.
सोनेरी ठेवला, होडी विकायला काढल्यासारखी दिसली.
काळा उचलला मात्र,
त्यांनी माझं मनगट धरलं:
"बाबा आहेत अजून."

मग ॲशचा काढला. लाकडाचंच नाव ते,
पण माझ्या मनात आधी राख आली
आणि मी जीभ चावली.

शेवटी चित्राच्या खालच्या कडेला नख थांबलं.
चिखलात एक रंग होता,
तपकिरी म्हणावा तर हिरवट,
भिजून वाळलेल्या, पुन्हा भिजलेल्या दोराचा.
"हा," मी म्हणालो. त्यांना तो दिसला नाही.
"आठ दिवसांनी या."

तीन संध्याकाळी गेल्या तो रंग जमवण्यात.
अक्रोडाचा अर्क, हिरव्याचा थेंब,
आणि मुजिबुलच्या कपात उरलेला चहा,
ज्याबद्दल मालकाला अजून माहीत नाही.
वर लाखेचं पॉलिश, कापडाच्या बोळ्यानं, आठ हात.

त्या रात्री हवेत इतका दमटपणा
की दुकानाच्या काचा बाहेरून घामेजल्या.
सकाळी बघतो तर पॉलिशवर पांढुरकं चढलेलं,
खालच्या पट्टीला जास्त, वर जाता जाता विरळ.
मामानं कानाखाली काढली असती.
स्पिरिटचा बोळा भिजवला,
एक पुसा मारला की जाईल,
आणि नेमक्या तेव्हाच दारात खुर्चीची चाकं अडली.

बद्रियाबाई वडिलांना घेऊन आल्या होत्या, एक दिवस आधीच.
म्हाताऱ्यानं चित्राकडे बघितलंच नाही.
खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, सावकाश,
एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत,
अंगठा जिभेला लावला.
"मिल्ह?"
मीठ का, असं विचारत होते.

माझी अरबी दुकानापुरती. म्हणालो,
मीठ नाही बाबा, चूक आहे. माझी. पुसतो.
त्यांनी फ्रेम मांडीवर ओढली
आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले,
पुसायला जागाच उरू दिली नाही.

उरलेल्या पट्टीचा मी कोपरा केला.
एकशे तेरावा, दाराजवळ, सगळ्यात खाली.
परवा हॉटेलवाल्यांचा माणूस आला,
त्याला अशाच चाळीस हव्यात, गुरुवारपर्यंत.
मालक मान डोलावू लागला.
मी बाहेर जाऊन काचेवर बोट फिरवलं.
कोरडी होती.
"सांगता येत नाही," म्हणालो, "हवा बघावी लागेल."