वाट वाकडी

राज्य महामार्ग एकशे त्र्याण्णव
लिपोवा गावात धान्याच्या कोठारापाशी सुरू होतो
आणि बेचाळीस मैलांनी नदीत संपतो.
म्हणजे पूल होता तिथे.
आता नुसते खांब, खांबांना पाकोळ्यांची घरटी.

एकतीस वर्षं या रस्त्यावर मी पिवळी रेघ ओढली.
ट्रक ताशी आठ मैल, गरम रंगाचा वास,
समोर मका, मका, सोयाबीन,
एखादं चर्च,
पुन्हा मका.
नेब्रास्कात देवाने रस्ते पट्टीने आखले, आई म्हणायची.
चेकमध्ये म्हणायची, म्हणून जास्त पटायचं.

फक्त एकोणिसाव्या मैलावर
रस्ता काटकोनात डावीकडे वळतो,
दोनशे पावलं चालतो
आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा उत्तरेला लागतो.

खात्याच्या दप्तरात कारण आहे: पृथ्वी गोल आहे.
मोजणीदार साखळ्या टाकत चौकोन आखत निघाले,
पण उत्तरेला जाणाऱ्या रेघा एकमेकींकडे झुकतात,
चौकोन काही केल्या बसेनात.
मग दर चोवीस मैलांची चूक गोळा करून
त्यांनी एका जागी ठेवून दिली.

गावाचं कारण वेगळं: लुदमिला हावरानेक.
तेवीस साली खडी पडायची होती, तेव्हा
तिने इंजिनिअरला कॉफी दिली, खसखशीचा केक दिला,
मग अक्रोडाखालची दोन थडगी दाखवली.
घटसर्प. एकाच आठवड्यात दोन्ही.
तो टोपी हातात धरूनच परत गेला.

दोन्ही कारणांच्या आधी पॉनी लोकांची पाऊलवाट होती,
पाणथळ टाळत टेकाडाच्या कडेकडेने.
तीही इथेच वळायची म्हणतात.
त्यांना दक्षिणेला धाडलं.
पाऊलवाट पुसायला नांगराचे दोन हंगाम पुरले.

वळणावर सात क्रूस आहेत.
चौथा माझ्या भावाचा, रूडीचा.
एकसष्ट साल, बीट भरलेला ट्रक, धुकं.
मी चौदाचा.

वळण सरळ करायचा नकाशा निघाला होता,
मी पाहिलाय, निळ्या शाईचा, सुबक.
तेवढ्यात दक्षिणेला चौपदरी रस्ता झाला
आणि सगळी वर्दळ तिकडे गेली.
व्लास्ताच्या खानावळीत आधी सूप बंद झालं, मग दिवे.
नकाशा खणातच राहिला.
सरळ करायचा तो कोणासाठी?
आता इकडे जो येतो
तो वाट वाकडी करूनच येतो.

मार्चमध्ये रस्ता काउंटीच्या गळ्यात घातला.
नंबराच्या पाट्या उतरवल्या, त्यातल्या अकरा मीच.
काउंटी रेघा ओढत नाही. परवडत नाही.

माझ्याकडे दोन डबे उरले होते.
रविवारी सकाळी, ट्रक नाही, हातात ब्रश,
गुडघ्यांवर बसून
तेवढीच दोनशे पावलं रंगवली.
खात्याला कळवलं नाही.

चौथ्या क्रुसासमोर
रेघ जरा जाड झाली आहे.