अननसाचा भाव

मार्च संपता संपता सरकारनं दारू बंद केली
आणि एप्रिल उजाडला तसा
माझ्या अननसांना भाव आला.

आधी कुत्रं विचारत नव्हतं.
बाथर्स्टकडून छोटा ट्रक यायचा,
मी दोन पेट्या उतरवून घ्यायचे,
उरलंसुरलं सोमवारी डुकरांना.
आता पहाटे सहाला गिऱ्हाईक, तोंडाला फडकं:
दोन नको, वीस दे.
तपकिरी साखर आहे? यीस्ट आहे?
पावासाठी गं, सिसी, पावासाठी.
म्हटलं, असेल बाबा,
अख्खी म्दान्त्साने पाव भाजायला लागली असेल.

तेम्बेकिले गुरुजी आले.
चाळीस वर्षं रविवारी चर्चमध्ये
बाटलीविरुद्ध बोललेला माणूस.
बायको गेली त्यांची त्या महिन्यात,
मातीला मोजून माणसं, रात्रीचं जागरण नाही.
एकच अननस घेतला, हातात फिरवत राहिले.
मग हळूच: साल धुवून घ्यायची का?
नको गुरुजी, मी म्हटलं,
खमीर सालीतच असतं.
पुढं ऐकलं, ते तिच्याच चहाच्या कपातून पितात,
बशीसकट.

माझा मखुसेली मात्र
अननसाला शिवला नाही. म्हणाला, बायकी.
आठ रात्री थरथरला,
भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचल्या त्यानं,
मी आलं-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं,
दवाखान्यात न्यायला गाडी नव्हती, पास नव्हता.
नवव्या दिवशी उठला आणि म्हणाला,
पाना कुठाय?
चार वर्षं ठिबकणारा स्वयंपाकघरातला नळ
त्यानं दुपारपर्यंत गप्प केला.
त्या रात्री मला झोप लागेना.
काहीतरी राहून गेलंय असं वाटत होतं,
ते थेंब होते.

बहीण नोसिफिवो सरकारी दवाखान्यात आहे,
अपघात विभागात.
सांगायची, शनिवारची रात्र, आणि टाके घालायला कुणी नाही,
सुरी नाही, फुटका काच नाही,
दोऱ्याची पाकिटं तशीच,
आम्ही स्वेटर विणतोय.
मी हसले. मग माझ्या कॉफीच्या डब्याकडे पाहिलं:
दोन हजार तीनशे रँड, नोटा गुंडाळून.

कारण शेजारच्या नोंबुलेलोच्या नवऱ्याला
मीच दिली होती दोन डझन फळं,
पिकलेली, वर एक फुकट.
पाच दिवस त्यांच्या मोरीत बादली फसफसली.
सहाव्या रात्री भांडं आपटलं,
मग दुसरं काहीतरी आपटलं,
जे भांडं नव्हतं.
मखुसेलीनं माझ्याकडे बघितलं.
मी रेडिओ मोठा केला.

सकाळी ती कोबी घ्यायला आली,
फडकं नेहमीपेक्षा वर, डोळ्यांपर्यंत.
मी पैसे घेतले नाहीत.
तिनं ठेवलेच.
मोजून.

जूनच्या एक तारखेला दुकानं उघडली.
थंडीत, उजाडायच्या आधीच, रांग
टॅक्सीस्टँडच्याही पलीकडे,
लोक नाचत होते म्हणे, एकमेकांपासून दीड मीटरवर.
मखुसेलीनं बूट घातले.
नाडी दोनदा सोडून बांधली.
बघून येतो, म्हणाला,
काय, ते सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
पाना टेबलावर होता, तो त्यानं खिशात टाकला,
का कोण जाणे.

दुपार झाली. दोन वाजले.
एक गिऱ्हाईक नाही.
कोपऱ्यातल्या पेटीत अननस मऊ पडलेत,
बूड काळं, माश्या,
आणि तो वास: गोड, मग गोडाच्या पुढचा.
बादली नाही, साखर नाही, कुणी सांगितलं नाही,
आपली आपण चढताहेत.
एक कापला. पहिली फोड तोंडात टाकली.
जीभ चुरचुरली.
नळाखाली हात धरला,
आणि रस्त्याकडे बघत
तो फिरवायचा राहिला.