उघड

अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया. सातव्या मजल्यावर
व्हर्लीन टॅकेट अर्ज वाचते आहे:
जखमेवरची चिकटपट्टी, वरच्या अंगाला मासा.
दावा चौथा: मासा अंधारात चमकतो.
अर्जदार डोरिंडा स्टुकी, ओहायोतल्या एका शाळेची नर्स.

टेबलावर दोन जुनी पेटंटं.
एकात साधी पट्टी, कातडीच्या रंगाची,
कुणाच्या कातडीच्या ते लिहिलेलं नाही.
दुसऱ्यात डब्यांवर चिकटवायची फुलं.
दोन्ही शेजारी ठेवली की झालं,
हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पण कायदा म्हणतो, थांब.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा,
ते शहाणपण इथे चालत नाही.
इथे विचारायचं अशा माणसाला
जो कुठेच राहत नाही,
ज्यानं या धंद्यातला कागद न् कागद वाचलाय,
जो हुशार नाही, मठ्ठही नाही,
आणि सायकलवरून कधी पडलेला नाही.

त्याला सुचलं असतं का?

व्हर्लीनचा गुडघा, चौऱ्याहत्तर साल, मागच्या दाराची पायरी.
आई बॉलपेननं पट्टीवर कासव काढतेय.
शाई पसरली, रडं थांबलं.
त्याचा कागद कुठेच नाही.
साक्षीदार एकच होती, तीही गेली.

ती टाइप करते: दावे एक ते तीन, उघड.

चौथ्यापाशी बोटं अडतात.
मध्यरात्री जागं झालेलं एखादं पोर
चादर सारून आपलं दुखणं शोधतंय,
आणि ते सापडतंय, हिरवं.

हे ना पट्टीत होतं, ना फुलांत.
तरी ती जुने कागद पुन्हा चाळायला घेते,
नियम म्हणून,
आणि सापडू नये म्हणून.