पाटीवरचं तापमान

ठाकूरद्वारला, छत्रीदुरुस्तीवाल्याला लागून
आमचं दुकान: गरम कपडे भाड्याने मिळतील.
दिवसाला साठ रुपये, अनामत वेगळी.
बाहेर खिळ्याला पाटी,
तिच्यावर दर सोमवारी खडूने
मनालीचं तापमान.

सासऱ्यांनी सुरू केलं ते. एसटीडीच्या जमान्यात
तिथल्या एका लॉजवाल्याला, नेगीला, फोन लावायचे,
दुसरी पल्स पडायच्या आत विचारायचे, "कितना?"
तो सांगायचा, "माइनस चार, बाबूजी. नल जम गया."
बूथवरून येऊन हे आकडा लिहायचे,
उण्याची रेघ जरा लांब ओढायचे,
गिऱ्हाइकाला पलीकडच्या फुटपाथवरून दिसावी म्हणून.

ते स्वतः कधी गेले नाहीत. मीही नाही.
आमची थंडी लोणावळ्याच्या वर चढली नाही.
तरी तिथले महिने मला तोंडपाठ,
दुसऱ्याच्या मुलांचे वाढदिवस पाठ असावेत तसे.
मार्चमध्ये दुपारी ऊन, रात्री मात्र हातमोजे.
मे महिन्यात स्वेटर पुरतो,
पण वर घाटात जाणार असाल तर कोट घ्याच.
जुलैत जाऊ नका, रस्ता वाहून जातो.
ऑक्टोबर सगळ्यात चांगला, आणि तेव्हा कुणी जात नाही,
सहामाही परीक्षा असते.

कोट परत आले की मी खिसे उलटे करते.
देवदाराची सुई. घोडेवाल्याची पावती. सफरचंदाचं देठ.
एकदा एक कानातलं; आठ वर्षं झाली, डबीत आहे.
कॉलरला धुराचा वास असला तर समजायचं,
बर्फ नीट पडला, शेकोटीपाशी बसले होते.
पेडणेकरांकडच्या नव्या जोडप्याने दोन कोट नेले,
त्यातला एक घडीही न मोडता परत आला.
मी काही विचारलं नाही. अनामत मोजून दिली.

या मे महिन्यात, खडूसुद्धा घामाने बोटांना चिकटत होता,
तेव्हा तळपदे आले. फणसवाडीतले, बँकेतून निवृत्त.
"बायकांचा कोट दाखवा. आतून लोकर असलेला."
कधी निघताय? म्हटलं, आणि सवयीने पाटीकडे बोट:
दिवसा अकरा आहे, रात्री चार-पाच होईल.
"कुठे नाही हो. सोमवार, बुधवार, शनिवार,
इथेच, चर्नी रोडला. इंदूचं डायलिसिस.
चार तास रक्त बाहेर फिरून येतं ना,
गार होऊनच येतं म्हणते. दातावर दात वाजतात.
तिथली चादर पातळ."

तिथे तापमान किती असतं?
वेड्यासारखंच विचारलं मी.
"एसी बावीसवर असतो," म्हणाले.
मग रुमालाने मान पुसत,
"पण तिला विचारलं तर आकडा वेगळा येईल."

मरून रंगाचा काढला, सगळ्यात ऊबदार,
डिसेंबरात ज्यासाठी लोक भांडतात तो.
त्यांनी डावी बाही चाचपली.
"सुई या हाताला असते. मशीनवाल्यांना हात उघडा लागतो."
मी शिवण उसवली, खांद्यापासून मनगटापर्यंत,
आणि टिचबटणं लावून दिली, सात.
सासरे असते तर दुकानाबाहेर ऐकू जाईल असं ओरडले असते.
वहीत नाव घातलं, तारीख घातली.
'परत कधी' या रकान्यावर
पेन टेकवलं,
उचललं.

सोमवारी पाटी पुसली.
नेगीचा मुलगा हल्ली आकडा मोबाइलवर धाडतो,
सोबत एक डोंगर, एक नमस्कार.
मनाली, नऊ, असं लिहिलं.
खाली जागा उरली होती, तिथे
बारीक अक्षरात: चर्नी रोड, बावीस.

दुपारी छत्रीवाला पाटी वाचून हसला.
"काय वहिनी, चर्नी रोडला बर्फ पडतो का आता?"

म्हटलं, पडतो थोडा.